तिकीट एक, सीमा अनेक : विमान बदलताना लागणाऱ्या व्हिसाचे गणित

जर्मनीचे चॅन्सलर फ्रेडरिक मर्झ यांनी जानेवारी २०२६ मध्ये भारताला भेट दिली. जर्मनीतील विमानतळांवर केवळ विमान बदलणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांना व्हिसा लागणार नाही, अशी घोषणा या भेटीत करण्यात आली. संरक्षण, व्यापार आणि तंत्रज्ञान या विषयांच्या गर्दीत ही बाब किरकोळ वाटण्याची शक्यता आहे. मात्र फ्रँकफुर्ट किंवा म्युनिकमार्गे पुढच्या देशात जाणाऱ्या सामान्य भारतीय प्रवाशाच्या दृष्टीने तिचे महत्त्व बरेच मोठे आहे. ज्या देशात पाऊलही टाकायचे नाही, त्या देशाचा व्हिसा का लागावा, हा प्रश्न अशा प्रवाशांना अनेक वर्षे पडत आला आहे.

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत. सेवेच्या निमित्ताने महाराष्ट्रातून दिल्लीत आलेली अनेक कुटुंबे या वसाहतीत आणि तिच्या परिसरात राहत आली आहेत. विविध देशांचे दूतावास असलेली चाणक्यपुरी येथून हाकेच्या अंतरावर आहे. शेजारच्या सरोजिनी नगर स्थानकातून मेट्रोने दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस, तेथून पादचारी मार्गाने धौला कुआँ आणि पुढे एअरपोर्ट एक्स्प्रेसने थेट विमानतळ, असा सोपा प्रवास आहे. परदेशातील मुला-नातवंडांना भेटायला निघालेल्या ज्येष्ठांना किंवा उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना दूतावास आणि विमानतळ इतके जवळ असणे सोयीचेच. परंतु प्रवासातील खरा अडथळा घर आणि विमानतळ यांच्यामध्ये नसतो. तो निघण्याचे आणि पोहोचण्याचे ठिकाण यांच्यामधल्या, तिकिटावर बारीक अक्षरात छापलेल्या तिसऱ्याच विमानतळावर असतो.

विमानाला मुभा, प्रवाशाला अट

लक्ष्मीबाई नगराजवळचा सफदरजंग विमानतळ एके काळी विलिंग्डन एअरफिल्ड म्हणून ओळखला जात असे. त्या काळात लांबच्या हवाई प्रवासात मधले थांबे अटळ होते. एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले. एका उड्डाणात लंडन गाठण्याइतका विमानाचा पल्लाच नव्हता.

तत्पूर्वी ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचे दोन महत्त्वाचे करार झाले होते. त्यांपैकी हवाई पारगमनाच्या कराराने विमानांना दोन मुभा दिल्या. पहिली, दुसऱ्या देशाच्या हद्दीवरून उडण्याची आणि दुसरी, इंधन वा दुरुस्तीसाठी तेथे उतरण्याची. या मुभा विमानाला मिळाल्या. विमानातील प्रवाशाला नाही. त्याला खाली उतरू द्यायचे की नाही, विमानतळाच्या कोणत्या दारापर्यंत जाऊ द्यायचे आणि त्यासाठी कोणता कागद मागायचा, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाने स्वतःकडेच राखला.

सुरुवातीच्या काळात हा भेद फारसा जाणवत नव्हता. त्या वेळी भारतीय प्रवाशाला ब्रिटनमध्ये जाण्यासाठीही व्हिसा लागत नसे. राष्ट्रकुलातील नागरिकांवर ब्रिटनने १९६२ मध्ये निर्बंध आणले आणि १९८६ मध्ये भारतीयांसाठी व्हिसा सक्तीचा केला. पुढे विमानांचा पल्ला वाढला आणि थांबे तांत्रिक गरजेपोटी न राहता व्यापारी कारणांसाठी होऊ लागले. दुबई, दोहा, फ्रँकफुर्ट, लंडन, सिंगापूर ही शहरे जगभरातील प्रवासी गोळा करून पुन्हा वाटून देणारी केंद्रे बनली. पुणे किंवा नागपूर येथून आजही युरोप-अमेरिकेला थेट विमान नाही. त्यामुळे मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रासाठी मधला थांबा हा अपवाद नसून नियम आहे.

विमानतळावरचा व्हिसा कोठून आला?

विमानतळाच्या आत थांबण्यासाठीही व्हिसा मागण्याची पद्धत युरोपात १९८० आणि १९९० च्या दशकांत रुजली. तिसऱ्याच देशाचे तिकीट काढायचे, मध्ये युरोपीय विमानतळावर उतरायचे आणि तेथे आश्रय मागायचा, असे प्रकार वाढले, हे त्याचे मुख्य कारण. युरोपीय संघाने १९९६ मध्ये यासंबंधी सामाईक धोरण ठरवले. आज लागू असलेली व्हिसा संहिता २००९ ची आहे.

विमानतळावरील तथाकथित ‘आंतरराष्ट्रीय क्षेत्र’ ही कोणाच्याच मालकीची नसलेली भूमी आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर १९९२ मध्ये काही सोमाली नागरिकांना वीस दिवस अडकवून ठेवण्यात आले होते. त्या प्रकरणात मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल देताना, हे क्षेत्र फ्रान्सच्या कायद्याच्या कक्षेतच येते, असे स्पष्ट केले. अर्थात, विमान बदलण्यासाठी दोन तास बाकावर बसलेला प्रवासीही कायद्याच्या दृष्टीने त्या देशातच असतो.

डिसेंबर २०२३ मधील एका घटनेने या व्यवस्थेमागील संशय भारतीयांच्या बाबतीतही उघड केला. संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा येथून निकाराग्वाकडे निघालेले ३०३ प्रवाशांचे विमान इंधनासाठी फ्रान्समधील व्हात्री विमानतळावर उतरले आणि मानवी तस्करीच्या संशयावरून तेथेच रोखण्यात आले. प्रवाशांत बहुसंख्य भारतीय होते. काही दिवसांच्या चौकशीनंतर २६ डिसेंबरला २७६ प्रवासी मुंबईत परतले. काहींनी फ्रान्समध्येच आश्रय मागितला. अशा प्रत्येक घटनेची किंमत अखेर प्रामाणिक प्रवाशाला अधिक कागदांच्या रूपाने मोजावी लागते.

देश बदलला की नियम बदलतो

युरोपच्या शेंगेन क्षेत्रात व्हिसा संहिता एक असली तरी विमानतळ ट्रान्झिट व्हिसाच्या बाबतीत सर्व देश एकसारखे वागत नाहीत. संहितेच्या सामाईक यादीत पाकिस्तान, बांगलादेश आणि श्रीलंका आहेत, भारत नाही. मात्र सदस्य देशांना स्वतःची जादा यादी करण्याची मुभा आहे. जर्मनी आणि फ्रान्स यांनी आपापल्या यादीत भारताचा समावेश केला होता. नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंड यांनी केला नाही. परिणामी अॅमस्टरडॅममार्गे चालणारा प्रवास फ्रँकफुर्टमार्गे अडत असे.

अमेरिका, कॅनडा किंवा जपानचा वैध व्हिसा ज्यांच्याकडे आहे त्यांना या अटीतून सूट आहे. म्हणून मुंबई-फ्रँकफुर्ट-न्यूयॉर्क असा प्रवास करणाऱ्याला ही अडचण सहसा जाणवली नाही. लंडनला जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. ब्रिटन युरोपीय संघात असेपर्यंत ब्रिटिश व्हिसाही या सवलतीत मोजला जात असे. ब्रिटन बाहेर पडले, संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि ही सवलतही संपली. ब्रिटन आणि युरोप यांच्या घटस्फोटात भारताचा काहीही संबंध नव्हता. तरीही मुंबईहून जर्मनीमार्गे लंडनला निघालेल्या विद्यार्थ्याला एक जादा व्हिसा लागू लागला.

जर्मनीच्या ताज्या घोषणेचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते. तिच्या मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत. ही सवलत विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय क्षेत्रापुरती आहे. दिल्ली-म्युनिक-लिस्बन-साओ पावलो असा मार्ग घेतल्यास म्युनिक ते लिस्बन हे उड्डाण शेंगेन क्षेत्रातील अंतर्गत उड्डाण ठरते. म्युनिकलाच इमिग्रेशन पार करावे लागते आणि त्यासाठी पूर्ण शेंगेन व्हिसा हवा. रात्र हॉटेलात काढायची असेल किंवा सामान बाहेर जाऊन घ्यायचे असेल, तरीही तेच. शिवाय घोषणा आणि अंमलबजावणी यांच्यात नेहमीच काही काळ जातो. प्रवासाच्या दिवशी लागू असलेला नियमच खरा.

अमेरिकेचा नियम सर्वांत सरळ आणि सर्वांत कठोर आहे. व्हिसाविना विमान बदलण्याची तेथील सोय २ ऑगस्ट २००३ रोजी सुरक्षेच्या कारणावरून स्थगित झाली. तेव्हापासून अमेरिकेतील विमानतळावर केवळ विमान बदलायचे असले तरी भारतीयाला अमेरिकेचा व्हिसा लागतो आणि इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहावे लागते. कॅनडातील मुलीकडे निघालेल्या आईवडिलांनी सिएटल किंवा शिकागोमार्गे स्वस्त तिकीट घेतले, तर कॅनडाचा व्हिसा असूनही ते भारतातच अडकतील. उलट दिशेने, कॅनडामार्गे अमेरिकेला जाणाऱ्या भारतीयालाही कॅनडाचा व्हिसा लागतो. केवळ ट्रान्झिटसाठीच्या व्हिसाला कॅनडा शुल्क आकारत नाही, एवढाच काय तो दिलासा.

ब्रिटनमध्ये विमानतळाच्या आत राहून विमान बदलण्यासाठीही भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा असलेल्यांना ठराविक अटींवर सूट मिळते.

आखाती देशांनी आणि सिंगापूरने मात्र उलट विचार केला. थांबणारा प्रवासी त्यांना धोका न वाटता ग्राहक वाटला. कतारने ऑगस्ट २०१७ मध्ये भारतासह ऐंशी देशांच्या नागरिकांना व्हिसामुक्त प्रवेश जाहीर केला. संयुक्त अरब अमिरातीत ४८ आणि ९६ तासांचे ट्रान्झिट व्हिसा विमान कंपन्यांमार्फत मिळतात. अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया आदी देशांचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना सिंगापूर अटींसह ९६ तासांपर्यंत व्हिसाविना प्रवेश देते. या तिन्ही ठिकाणी विमानतळाबाहेर न पडता विमान बदलण्यासाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही. भारतीय प्रवासी मोठ्या प्रमाणावर या मार्गांकडे का वळला, याचे उत्तर केवळ तिकिटाच्या दरात नाही.

निर्णय काउंटरवर होतो

अनेकांची समजूत अशी असते की, परदेशात पोहोचल्यावर अधिकाऱ्यांना समजावून सांगता येईल. प्रत्यक्षात तेथवर पोहोचण्याची वेळच येत नाही. योग्य कागदपत्रांविना प्रवासी आणल्यास विमान कंपनीला दंड होतो. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशानुसार सदस्य देशांनी हा दंड प्रत्येक प्रवाशामागे किमान तीन हजार युरो किंवा कमाल मर्यादा निदान पाच हजार युरो अशी ठेवायची आहे. ब्रिटनमध्ये तो दोन हजार पौंड आहे. प्रवाशाला परत नेण्याचा खर्चही कंपनीवरच येतो. भारतातही २००० साली असाच कायदा झाला होता. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन आणि विदेशी नागरिक कायद्याने त्याची जागा घेतली आहे.

त्यामुळे इंदिरा गांधी विमानतळाच्या टर्मिनल तीनवरील काउंटरवर बसलेला कर्मचारी एका अर्थाने परक्या देशाचा पहिला सीमारक्षक असतो. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या ‘टिमॅटिक’ या माहितीसाठ्यात तो प्रवाशाचे नागरिकत्व, गंतव्य आणि मधले थांबे तपासतो. उत्तर नकारार्थी आले तर कंपनी धोका पत्करत नाही. कागदपत्रे अपुरी म्हणून नाकारलेल्या प्रवाशाला नुकसानभरपाईही मिळत नाही, कारण चूक त्याची मानली जाते. तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळावर मार्ग दिसतो. त्या मार्गावर जाण्यास आपण पात्र आहोत की नाही, हे बहुधा दिसत नाही.

स्वस्त तिकिटाची किंमत

आखणीतील दुसरी चूक सुट्या तिकिटांची. दिल्ली ते लंडन एका कंपनीचे आणि लंडन ते पुढचे शहर दुसऱ्या कंपनीचे, अशी दोन वेगळी तिकिटे घेतल्यास पैसे वाचलेले दिसतात. परंतु सामान शेवटच्या मुक्कामापर्यंत जाईल याची खात्री राहत नाही. ते मध्येच ताब्यात घेऊन पुन्हा जमा करायचे असेल, तर इमिग्रेशन पार करणे आले आणि त्यासाठी लागणारा व्हिसाही आला. पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकले, तर दुसऱ्या कंपनीची जबाबदारी राहत नाही. एकाच आरक्षणातील सलग प्रवासात ती राहते. युरोपीय संघातून निघणाऱ्या किंवा युरोपीय कंपनीने तेथे जाणाऱ्या प्रवाशांना विलंबाची भरपाई देणारा २००४ चा नियमही सलग आरक्षण एकच प्रवास मानतो.

महाराष्ट्रातील प्रवाशांसाठी या संदर्भात एक नवी बाब आहे. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाली. मुंबईला आता दोन विमानतळ आहेत. नागपूरहून येणारे विमान नवी मुंबईत आणि पुढचे आंतरराष्ट्रीय विमान छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावरून, असे सुटे आरक्षण झाल्यास मध्ये संपूर्ण शहराची वाहतूक उभी राहते. दिल्लीतही देशांतर्गत विमान टर्मिनल एकवर उतरले आणि पुढचे टर्मिनल तीनवरून असले, तर रस्त्याने जाण्याचा वेळ धरावा लागतो.

परतीच्या प्रवासात आपल्याच देशाचा एक नियम आड येऊ शकतो. पीतज्वराचा धोका असलेल्या देशांतून येणाऱ्यांकडे भारत लसीकरणाचे प्रमाणपत्र मागतो. केवळ विमानतळाच्या आवारात थांबलेल्यांना आरोग्य अधिकाऱ्याच्या संमतीने सवलत मिळते. मात्र अदिस अबाबा किंवा नैरोबी शहरात एक दिवस काढलेल्या प्रवाशाकडे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. ही लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होते.

न ठरवलेला थांबा

काही थांबे तिकिटावर नसतातच. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या मगादान शहरात उतरले. २१६ प्रवाशांची सोय तात्पुरत्या निवाऱ्यात करावी लागली आणि पर्यायी विमान मुंबईहून पाठवण्यात आले. एप्रिल २०२५ मध्ये लंडनहून मुंबईला येणारे व्हर्जिन अटलांटिकचे विमान वैद्यकीय कारणामुळे तुर्कस्तानातील दियारबाकिर येथे उतरले आणि तांत्रिक बिघाडामुळे तेथेच राहिले. दोनशेहून अधिक प्रवासी जवळपास दोन दिवस अडकले.

एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली. त्यानंतर उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणारी उड्डाणे लांबली आणि उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले. अशा तांत्रिक थांब्यात प्रवासी विमानातच बसून राहत असल्याने वेगळा व्हिसा लागत नाही. परंतु एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन ही थेट सेवा स्थगित केली, तेव्हा विमानांच्या कमतरतेबरोबर हवाई हद्दीचे हे कारणही तिने दिले होते. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षादरम्यान कतारने आपली हद्द काही तास बंद केली आणि दोहामार्गे जाणारे प्रवासी जागोजागी खोळंबले. सोयीचा मार्ग हा शांततेच्या काळातला मार्ग असतो, हे या घटनांनी दाखवून दिले.

आखणीचा क्रम

या साऱ्याचा व्यावहारिक निष्कर्ष असा की, आधी तिकीट आणि मग व्हिसा हा रूढ क्रम उलटा करणे हिताचे आहे. आपल्याकडे कोणते वैध व्हिसा आहेत, ते कोणत्या मार्गांना खुले करतात, हे प्रथम पाहावे. नंतर प्रत्येक थांब्यासाठी तीन प्रश्न विचारावेत. इमिग्रेशन पार करावे लागेल काय? सामान थेट पुढे जाईल काय? विमान रद्द होऊन रात्र काढावी लागली तर बाहेर पडता येईल काय? उत्तरे संबंधित देशाच्या दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आणि विमान कंपनीकडून घ्यावीत. वर्षभरापूर्वी जाऊन आलेल्या परिचितांच्या अनुभवावर विसंबू नये. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक असलेली बरी. औषधे, चष्मा आणि एक दिवसाचे कपडे हाताशी असावेत, कारण ज्येष्ठ प्रवाशांचे हाल बहुतेक वेळा सामान अडकल्यानेच होतात.

लक्ष्मीबाई नगरासारख्या वसाहतींतील सरकारी कर्मचाऱ्यांना आणखी एक पथ्य पाळावे लागते. खाजगी परदेश प्रवासासाठीही त्यांना पूर्वपरवानगी घ्यावी लागते आणि त्या अर्जात भेट द्यावयाच्या देशांची नावे नमूद करायची असतात. वाटेत दुबई किंवा सिंगापूर शहर पाहण्याचा बेत असेल, तर तो अर्जातही असणे श्रेयस्कर.

मात्र हा प्रश्न प्रवाशाच्या दक्षतेवर सोडून देण्याइतका वैयक्तिक नाही. ट्रान्झिट व्हिसाची अट हे एका देशाने दुसऱ्या देशाच्या नागरिकांविषयी केलेले सरसकट अनुमान असते आणि ते वाटाघाटींनी बदलू शकते, हे जर्मनीच्या निर्णयाने सिद्ध केले. ब्रिटनसारख्या देशांशी होणाऱ्या चर्चांतही या विषयाला स्थान मिळायला हवे. त्याचबरोबर, व्हात्रीसारख्या घटनांमागील दलालांवर कठोर कारवाई होणेही तितकेच आवश्यक आहे; अन्यथा मिळालेली सवलत टिकणार नाही. व्यापार करारांच्या तुलनेत ही मागणी लहान दिसेल. परंतु आयुष्यात एकदाच नातवंडांना भेटायला समुद्रापार निघालेल्या आजी-आजोबांना काउंटरवरून परत फिरावे लागू नये, हेही परराष्ट्र धोरणाचे यशच मानले पाहिजे.